चौदा नंबरचा दांडा

मुख्याध्यापिकाबाईंनी ते पत्र माझ्या हातात दिलं तेव्हा मी दहावीच्या प्रयोगवह्या तपासत बसले होते. खारघरच्या एका इंजिनियरिंग कॉलेजनं शाळांसाठी स्पर्धा ठेवली होती. संगणकावर पूल बांधायचा. मुलांना शिकवण्यासाठी तयार केलेलं एक सॉफ्टवेअर होतं, फुकट मिळणारं. त्यात नदीचे दोन काठ दिसतात. मधे आपण रेघा ओढायच्या, प्रत्येक रेघ म्हणजे एक लोखंडी दांडा. दांडे सांध्यांना जोडत पूल उभा करायचा आणि बटण दाबायचं. एक ट्रक येतो आणि पुलावरून जायला लागतो. पलीकडे पोचला तर पूल पास, खाली पडला तर नापास.

"तुमचे वडील पुलांच्याच खात्यात होते ना?" बाई म्हणाल्या. "मग हे तुम्हीच बघा."

मी बरं म्हटलं. पटकन नाही म्हणायला मला कधी जमलेलं नाही. आणि बाई बोलल्या ते खरंच होतं. पप्पांनी सगळी नोकरी सरकारी बांधकाम खात्याच्या ड्रॉइंग ऑफिसात काढली. रायगड जिल्ह्यातल्या कितीतरी लहानमोठ्या पुलांचे नकाशे त्यांच्या हातचे. फक्त, त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन तेव्हा आठ महिने झाले होते आणि त्यांच्या तोंडून एक सरळ वाक्य निघत नव्हतं. हे बाईंना ठाऊक होतं की नव्हतं, कोण जाणे. मी सांगितलं नाही.

नववीतल्या चार मुली निवडल्या. शाळेच्या संगणक कक्षात अकरा संगणक आहेत. त्यातले सहा चालतात आणि त्या सहातल्या दोनांचा भरवसा नाही. संगणकाचे सर जूनमध्येच दुसरी नोकरी धरून गेले होते. मी विज्ञानाची शिक्षिका. मला मेल पाठवता येतो, मार्कांचे तक्ते भरता येतात, त्यापलीकडे माझी मजल नाही. एका जुनाट दिसणाऱ्या पानावरून मी ते सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि चार संगणकांवर चढवलं. चालू झालं तेव्हा मुलींनी टाळ्या वाजवल्या. मग आम्ही नमुन्याचा पूल उघडून बटण दाबलं आणि पडदा काळा झाला.

नुसता काळा. ट्रकचा आवाज येत होता, घरघर, घरघर. दिसत काहीच नव्हतं. चारही संगणकांवर तेच. आम्ही पाचजणी त्या काळ्या पडद्यासमोर ट्रकचा आवाज ऐकत उभ्या होतो. मग धाडकन आवाज आला.

"पडला वाटतं," एक मुलगी म्हणाली.

माझा भाऊ इस्राएलमध्ये असतो. आमच्या बेने इस्राएल लोकांत, म्हणजे कोकणातल्या ज्यूंत, हे घराघरातलंच आहे. निम्मं कुटुंब तिकडे, निम्मं इकडे. आणि इकडचं निम्मं दर वर्षी थोडं कमी. तो तिकडे कॉम्प्युटरमध्येच काम करतो. मी त्याला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं मला सावल्या बंद करायला सांगितल्या.

"कसल्या सावल्या?"

"चित्रातल्या गं. ट्रकची सावली, झाडांची सावली. जुन्या मशीनला झेपत नाही ते. सेटिंगमध्ये जा."

सेटिंग सापडायला दोन दिवस गेले. सावल्या बंद केल्या आणि ट्रक दिसायला लागला. पिवळा, खेळण्यातला असावा तसा. पण आठवडाभर मुलींनी बनवलेले पूल दुसऱ्या दिवशी जागेवर नसायचे. जपून ठेवा म्हटलं की सॉफ्टवेअर हो म्हणायचं, आणि सकाळी फोल्डर रिकामा. मुली माझ्याकडे बघायच्या. मी म्हणायचे, पुन्हा काढू. त्या पुन्हा काढायच्या. चौथ्या दिवशी त्यातली एक रडलीच. मी तिला रागावले, तुम्ही नीट सेव्ह करत नाही म्हणून. ते रागावणं मला अजून आठवतं, कारण चूक तिची नव्हती. भावानं शेवटी विचारलं, "फोल्डरचं नाव काय ठेवलंयस?"

"नववी अ."

"मराठीत?"

"मग?"

"इंग्रजीत कर. त्या प्रोग्रॅमला मराठी अक्षरं कळत नाहीत. कुठे ठेवायचं ते त्याला समजत नाही आणि तो सांगतही नाही."

मी नाव बदललं. पूल जागेवर राहायला लागले. त्या मुलीला मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "असूं दे मॅडम."

ही मुलगी उरण रस्त्यावरच्या एका गावातून येते. तिच्या आजोबांची मिठागरं होती. आता तिथे भराव झालाय. बाकीच्या तिघी पनवेलमधल्याच, सोसायट्यांत राहणाऱ्या. त्या बोलताना ही गप्प असायची, कारण तिच्या 'आमी' नि 'नाय'ला वर्गात हसतात. पण माऊस तिच्या हातात आला की रेघ जिथे हवी तिथेच बसायची.

पूल आता दिसत होते आणि टिकत होते. म्हणजे संगणकात टिकत होते. ट्रकखाली एकही टिकत नव्हता.

सॉफ्टवेअर एवढं दाखवायचं की कुठला दांडा दाबला जातोय आणि कुठला ताणला जातोय. दाबलेला लाल होतो, ताणलेला निळा. ट्रक जसा पुढे सरकतो तसे रंग गडद होत जातात. आमच्या पुलाचा वरच्या बाजूचा एक लांब दांडा लालभडक व्हायचा, कमरेत वाकायचा आणि सगळं खाली. मग मुली तो दांडा जाड करायच्या. जाड केला की पुलाचं वजन वाढायचं. स्पर्धेत वजनाला मर्यादा होती. मर्यादेत राहायचं म्हणून दुसरा बारीक करायच्या. मग तो तुटायचा. मला शाळेतलं बल आणि दाब येतं. कमानी, तुळया, कैच्या यातलं काही येत नाही. मी मुलींच्या मागे उभी राहून "हं, करून बघा" एवढंच म्हणायचे.

म्हणून एका रविवारी मी माझ्या लॅपटॉपवर त्यांचा पूल उघडला आणि पप्पांच्या समोर ठेवला.

पप्पांबद्दल आधी सांगायला हवं. त्यांना सगळं समजतं. पेपरातली बातमी वाचून दाखवली तर ते चिडायच्या जागी चिडतात. पण बोलायला गेलं की एकच शब्द येतो, 'ते'. "ते... ते... ते..." आणि मग हात झटकून गप्प. लिहूनही सांगता येत नाही. उजवा हात गेलाय, आणि डाव्या हातात पेन्सिल दिली तर एकच अक्षर गिरवत राहतात. ज्या माणसाच्या हातची अक्षरं ऑफिसात नमुना म्हणून दाखवायचे, तो माणूस.

पण शुक्रवारी संध्याकाळी मी शब्बाथचा, आमच्या आठवड्याच्या पवित्र दिवसाचा, दिवा लावते, काळ्या मनुकांचं सरबत पेल्यात ओतते आणि पेला त्यांच्या डाव्या हातात देते. मग पप्पा हिब्रूतली सगळी प्रार्थना पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणतात. एक शब्द गाळत नाहीत, अडखळत नाहीत, आवाजसुद्धा पूर्वीचाच. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला वाटलं, ते बरे झाले. मी आमेन म्हटलं आणि घाईघाईनं विचारलं, "पप्पा, काय वाढू, भात की चपाती?"

"ते..." पप्पा म्हणाले. "ते... ते..."

त्यांना बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंनी मला नंतर समजावलं. पाठ झालेलं असतं ते मेंदूत दुसरीकडे राहतं. प्रार्थना, वार, आकडे, सगळं ओळीनं येईल. मधलं एखादं हवं म्हटलं तर नाही येणार. आणि तसंच आहे. पप्पांना चहात साखर दोन चमचे हवी असेल तर ते 'दोन' म्हणू शकत नाहीत. 'एक, दोन' असं मोजतात आणि तिथे थांबायचा प्रयत्न करतात. कधी थांबता येतं. कधी जीभ पुढेच जाते, तीन, चार, पाच, आणि ते डोळे मिटून घेतात.

तर त्या रविवारी मी लॅपटॉप ठेवला आणि बटण दाबलं. ट्रक आला, दांडा लाल झाला, वाकला, पूल पडला. पप्पा पुढे झुकले. आठ महिन्यांत मी त्यांना असं पुढे झुकलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी बोटानं खूण केली, पुन्हा. मी पुन्हा दाखवलं. पुन्हा. चार वेळा त्यांनी तो पूल पडताना पाहिला.

मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. जिथे ठेवलं तिथे तीन रेघा एकत्र येत होत्या.

"हा?" मी विचारलं. "की हा?"

"ते... ते..."

मी दांड्यांचे नंबर दिसतील असं केलं. प्रत्येक रेघेवर बारीक आकडा आला.

"कितवा, पप्पा?"

त्यांनी मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा. त्यांनी मांडीवर हात आपटला. पुन्हा एकपासून. या खेपेला वीसपर्यंत गेले. कपाळावर घाम आला. मी म्हटलं, "राहू दे, पप्पा." त्यांनी ऐकलं नाही. तिसऱ्यांदा सावकाश, प्रत्येक आकड्याला थांबत, बारा... तेरा... चौदा. आणि ओठ घट्ट मिटून घेतले, पुढचा आकडा बाहेर पडू नये म्हणून.

"चौदा!" मी म्हटलं. "चौदा नंबर. बरोबर?"

त्यांनी मान हलवली. हो.

चौदा नंबर म्हणजे तोच वाकणारा दांडा. तो तर आम्हाला ठाऊकच होता. "हां, तो वाकतोय," मी म्हटलं. "जाड करू?"

नाही.

"बारीक?"

नाही. हात झटकून नाही.

"काढून टाकू? दुसरीकडे लावू? आखूड करू?"

नाही, नाही, नाही. आणि मग त्यांनी वॉकर जवळ ओढला. त्यांचा ॲल्युमिनियमचा वॉकर खुर्चीला टेकून ठेवलेला असतो. त्याच्या नळीवर ते अंगठीनं टकटक करायला लागले. टण टण टण. माझ्याकडे बघून, टण टण.

मला वाटलं, त्यांना बाथरूमला जायचंय. वॉकर ओढला म्हणजे तेच, आठ महिने तेच होतं. मी त्यांना उठवलं. ते जोर लावून खाली बसायला बघत होते. मला वाटलं, पायात बळ नाही. "हळू, पप्पा, हळू," करत मी त्यांना नेलं, बसवलं, दाराबाहेर उभी राहिले. आतून काही आवाज नाही. थोड्या वेळानं भिंतीवर थाप ऐकू आली. आणखी एक. दार ढकलून बघितलं तर पप्पा पायजम्यासकट तसेच बसले होते आणि रडत होते.

"काय झालं? दुखतंय का कुठे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मी त्यांचे डोळे पुसले, परत आणून खुर्चीत बसवलं, लॅपटॉप मिटून टाकला. म्हटलं, उगाच त्रास दिला यांना. त्या रात्री ते जेवले नाहीत.

मंगळवारी शाळा सुटल्यावर आम्ही पुन्हा संगणक कक्षात बसलो होतो. मुलींचं तेच चाललं होतं, जाड कर, बारीक कर. मिठागरवाल्या घरातली मुलगी एकटीच दुसऱ्या संगणकावर होती. तिनं मला हाक मारली.

"मॅडम, हितं दोन चित्रं हायत."

जाडी निवडायच्या खिडकीच्या कोपऱ्यात, अगदी बारीक, दोन चौकोन होते. एक भरलेला, एक नुसत्या कडांचा.

"एक भरीव हाय, एक पोकळ. आमी सगले भरीवच घेत होतो. पोकळ घेतला तर वजन कमी लागतंय नि जाडी वाढवाला येते." ती थांबली. मग जरा हळू म्हणाली, "आमचे शेडला पण पोकळच पायप हायत."

तिनं चौदा नंबरचा दांडा पोकळ केला, जाडी वाढवली, वजन मर्यादेत राहिलं. बटण दाबलं. ट्रक आला, मधोमध पोचला, चौदा नंबर लाल झाला. वाकला नाही. ट्रक पलीकडच्या काठावर जाऊन थांबला. चौघींनी एकमेकींना मिठ्या मारल्या, कोणीतरी बाक वाजवला. मी मात्र मागच्या स्टुलावर बसले. पप्पा रविवारी वॉकरची नळी का वाजवत होते ते मला आत्ता कळत होतं. ते मला स्वच्छ शब्दांत सांगावं तसं सांगत होते, की नळी लाव, पोकळ नळी. आणि मी त्यांना उचलून संडासात नेऊन बसवलं होतं.

रिक्षानं घरी गेले. दिवसा त्यांना बघणाऱ्या मावशी निघायच्या तयारीत होत्या. मी चप्पल न काढताच पप्पांसमोर बसले.

"पप्पा, नळी! पोकळ नळी. चौदा नंबर पोकळ करायचा. तुम्ही तेच सांगत होता ना?"

 मग त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी तो विसरणार नाही. त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांना तो शब्द स्वतः म्हणायचा होता, मला दिसत होतं. माझ्या तोंडाकडे बघून ते ओठ जुळवत होते.

"नळी," मी सावकाश म्हटलं.

"न..." पप्पा म्हणाले. "न... न... नऊ, दहा, अकरा, बारा..."

त्यांना थांबता येईना. आकडे येतच राहिले. मी म्हटलं, "असू दे पप्पा, कळलं मला, कळलं." तेवीस-चोवीसला कुठेतरी ते थांबले आणि माझं मनगट सोडून दिलं. मावशी दारात पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, मी चहा टाकू का?" मी टाका म्हटलं.

स्पर्धा पुढच्याच आठवड्यात होती. मुलींना मी सांगितलं होतं की पोकळ नळीची गोष्ट माझ्या वडिलांनाही सुचली होती. कशी सुचली आणि मी काय केलं, ते सांगितलं नाही. त्या हुरळून गेल्या. खरे पूल बांधणारा माणूस आपल्या बाजूनं आहे असं त्यांना वाटलं. मिठागरवाल्या मुलीनं वहीच्या शेवटच्या पानावर सगळ्या दांड्यांचा तक्ता उतरवून घेतला. नंबर एक, भरीव, एवढी जाडी. नंबर दोन, असं ओळीनं. पूल पेन ड्राइव्हमध्ये घेतला, दोन पेन ड्राइव्हमध्ये घेतला, फोल्डरचं नाव इंग्रजीत. आम्ही खारघरला पोचलो तेव्हा मला बरं वाटत होतं.

कॉलेजच्या लॅबमध्ये थंडगार एसी, ओळीनं नवे संगणक, निळे टी-शर्ट घातलेले विद्यार्थी मदतीला. मुलींनी पेन ड्राइव्ह लावला, फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि खिडकी बंद झाली. दुसरा पेन ड्राइव्ह लावला. तेच.

निळ्या टी-शर्टातला एक मुलगा आला. त्यानं बघितलं आणि माझ्याकडे वळला. "मॅम, ही जुन्या व्हर्जनची फाइल आहे. इथे नवीन व्हर्जन आहे, त्यात ती ओपन होणार नाही. लेटरमध्ये लिहिलं होतं, कुठलं व्हर्जन घ्यायचं ते."

पत्र माझ्या पर्समध्येच होतं. मी ते काढलं. पुढच्या बाजूला नव्हतं. मागच्या बाजूला, नियमांच्या यादीत, खालून दुसरं. मी पत्राची मागची बाजू वाचलीच नव्हती.

"मॅडम, आता?" एक मुलगी म्हणाली.

चौघी माझ्याकडे बघत होत्या. मी त्या मुलाकडे बघितलं. तो वाईट नव्हता. म्हणाला, "पाऊण तास आहे मॅम, नवीन काढू शकतात." आणि दुसऱ्या टेबलाकडे गेला. शिक्षकांनी आता बाहेर थांबायचं होतं. मी काचेच्या दाराबाहेर उभी राहिले. मुलींच्या पाठी दिसत होत्या. एक काढत होती, एक वहीतून वाचून दाखवत होती. जमतंय असं वाटत होतं. मधे एकदा मिठागरवाल्या मुलीनं मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी हात वर केला. त्या हाताचा अर्थ काय होता, तिला कळला नसणार. मलाही ठाऊक नव्हता.

वेळ संपल्यावर शिक्षकांना आत बोलावलं आणि प्रत्येक संघाचा पूल मोठ्या पडद्यावर चालवला. आमचा सातवा. ट्रक आला, पाव पुलावर पोचला आणि चौदा नंबरचा दांडा नव्हे, दुसराच कुठला तरी तुटला. मग तिसरा. पूल असा कोसळला की मागून कोणीतरी हसलं.

बाहेर आल्यावर कळलं. त्यांनी तक्त्याप्रमाणे एकेक जाडी बरोबर भरली होती, चालवून बघायला मात्र वेळ उरला नव्हता. पण ते सॉफ्टवेअर दांड्यांना नंबर देतं ते आपण ज्या क्रमानं रेघा ओढू त्या क्रमानं. घाईत रेघा वेगळ्या क्रमानं ओढल्या गेल्या. इथला चौदा नंबर म्हणजे खालचा एक बिनकामाचा तुकडा होता. तो पोकळ, जाड, भक्कम. आणि ज्याला वाकू द्यायचं नव्हतं तो नुसती बारीक सळई.

"आमी नंबरवरून भरलं, मॅडम," ती मुलगी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती नुसतं सांगत होती.

मी म्हटलं, चूक माझी आहे, पत्र मी वाचलं नाही. तिघी "नाही मॅडम, असं काय" म्हणाल्या. तिनं वही दप्तरात टाकली. बसनं कळंबोली गाठली. मग एकीनं विचारलं, "तुमच्या बाबांना काय सांगणार?"

"पडला म्हणून सांगेन," मी म्हटलं.

आणि सांगितलं. पप्पांनी ऐकून घेतलं आणि लॅपटॉपकडे हात केला. त्यांना बघायचं होतं. माझ्याकडे जुनं व्हर्जनच होतं, त्यात मुलींचा खरा पूल होता. मी बटण दाबलं. ट्रक आला, सावकाश पुलावरून गेला आणि पलीकडे जाऊन थांबला.

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग पडद्याकडे. पूल उभा होता. पुन्हा माझ्याकडे.

"हा नाही पडला पप्पा," मी म्हटलं. "हाच होता, पण तिथे हा उघडलाच नाही. त्यांचं व्हर्जन नवीन होतं. मग मुलींनी दुसरा काढला, त्याचे नंबर..." मी नंबरांचं समजावायला लागले आणि मधेच मला जाणवलं की हे सगळं बोलून काही उपयोग नाही. ते माझ्याकडे बघत होते ते मी खोटं बोलतेय असं समजून, की त्यांची कीव येऊन मी भलताच पूल दाखवतेय असं समजून, ते मला आजही सांगता येणार नाही. विचारलं असतं तर त्यांना उत्तर देता आलं नसतं.

मुलींना त्यानंतर मी त्या सॉफ्टवेअरसाठी बोलावलं नाही. त्यांची सहामाही आली. ती मुलगी मात्र मधल्या सुट्टीत कधी कधी किल्ली मागायला येते. मी देते. काय करतेस म्हणून विचारलं तर म्हणाली, "नवीन व्हर्जन चालतंय का बघते, मॅडम." अजून चाललेलं नाही. पडदा काळा होतो आणि सावल्या बंद करायची सोय नव्या व्हर्जनमध्ये कुठे आहे, ते आम्हा दोघींना सापडलेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी दुपारी घरी असायचे. पप्पा जेवण झालं की लॅपटॉपकडे बोट करायला लागले. मी रिकामी नदी उघडून द्यायचे आणि माऊस डाव्या हाताखाली ठेवायचे. उजव्या हातानं सगळी नोकरी रेघा ओढलेला माणूस डाव्या हातानं एक रेघ ओढायला पाच-पाच मिनिटं घ्यायचा. चुकली की पुसायची, पुन्हा ओढायची. मी मदत करायला गेले तर हात बाजूला सारायचे. दिवसाला दोन दांडे, कधी तीन. मी रोज जपून ठेवायचे, दोन जागी, आणि दुसऱ्या दिवशी उघडेपर्यंत मनात धाकधूक.

सुट्टी संपता संपता पूल झाला. मुलींच्या पुलासारखा नव्हता. डावा काठ उजव्यापेक्षा उंच धरलेला, खाली मधे एकच आधार, तोही मधोमध नाही, जरा उजवीकडे सरकवलेला. मनाला येईल तसा कोणी असा काढणार नाही, असं मला वाटलं. कुठली तरी खरी जागा असणार. मी चित्र भावाला पाठवलं. तो म्हणाला, "कुठलाच नसेल गं. नुसता काढला असेल. तू फार विचार करतेस." असेलही.

पप्पांनी स्वतः बटण दाबलं. ट्रक पलीकडे गेला. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा गेला. मी खुर्ची ओढून शेजारी बसले.

"हा कुठला पूल, पप्पा?"

"ते..."

"मी नद्यांची नावं घेते, तुम्ही मान हलवा. गाढी?"

नाही.

"कासाडी? काळुंद्री?"

नाही.

"पाताळगंगा? बाळगंगा?" लहानपणी त्यांच्याबरोबर एसटीनं जाताना जे जे पाणी ओलांडलं होतं ते मी आठवत होते. "पेणची भोगावती?"

ते मान हलवत होते आणि माझ्याकडे आशेनं बघत होते, की पुढचं नाव बरोबर निघेल.

"अंबा? कुंडलिका?"

नाही.

"सावित्री?"

नाही. ते वाट बघत होते. मला माहीत असलेल्या नद्या तिथे संपल्या.